दिवस गेले, थायरॉइडची गोळी थांबवू नका

थायरॉइडची गोळी रोज घेणाऱ्या सुनेला दिवस गेले, की घरातून हमखास सल्ला येतो, "आता पोटात बाळ आहे, गोळ्याबिळ्या बंद ठेव." सल्ल्यामागे माया असते, पण या गोळीतल्या थायरॉक्सिनच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. ही गोळी थांबवायची तर नाहीच, उलट बहुतेकींना तिची मात्रा २५ ते ५० टक्क्यांनी वाढवावी लागते.

बाळाच्या मेंदूची घडण पहिल्या तीन महिन्यांतच सुरू होते. त्या काळात त्याची स्वतःची थायरॉइड ग्रंथी कामाला लागलेली नसते. लागणारं थायरॉक्सिन वारेतून, आईकडूनच येतं. शिवाय गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, त्यामुळे थायरॉक्सिन वाहून नेणारं प्रथिन रक्तात वाढतं आणि बरंचसं थायरॉक्सिन त्यालाच चिकटून राहतं. ही भरपाई करायला ग्रंथीला जवळजवळ दीडपट काम पडतं. आयोडीनची रोजची गरजही १५० वरून २५० मायक्रोग्रॅमवर जाते. निरोगी ग्रंथी हे सगळं निभावून नेते. दुखणाईत ग्रंथीला ते जमत नाही.

रिपोर्ट वाचताना खरा गोंधळ होतो. घरच्या प्रेग्नन्सी टेस्टमध्ये दुसरी रेघ ज्यामुळे उमटते, ते एचसीजी घडणीने टीएसएचसारखंच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकासारखंच असतं आणि थायरॉइडला तेही चेतवतं. थायरॉक्सिन पुरेसं असलं की टीएसएच उतरतो, म्हणून पहिल्या तिमाहीत तो खाली येतो. उलट्यांनी बेजार झालेल्या बाईत तो फारच खाली जाऊ शकतो आणि बहुधा औषधाविना सावरतो. पण कागदावर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा सहसा गरोदर नसलेल्यांची असते. त्यामुळे ०.३ दिसला की घर घाबरतं, आणि गोळी चालू असलेल्या बाईचा ३.८ 'नॉर्मल' म्हणून फाइलला लागतो. तिच्यासाठी डॉक्टर २.५ च्या खालचा आकडा गाठायला बघतात. रिपोर्ट दाखवताना "मी गरोदर आहे, इतके आठवडे झालेत" हे आवर्जून सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट, जी घाईच्या ओपीडीत सांगायची राहून जाते. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात, आणि पुष्कळ जणी सगळ्या गोळ्या एकदम तळहातावर घेऊन घोटभर पाण्याबरोबर गिळतात. लोह-कॅल्शियममुळे थायरॉक्सिन आतड्यात नीट शोषलंच जात नाही. मग मात्रा वाढवत नेली तरी टीएसएच उतरत नाही. थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावं. चहा अर्ध्या-पाऊण तासाने, लोह आणि कॅल्शियम किमान चार तासांनी.

बाळंतपणानंतर मात्रा बहुधा पूर्वीवर येते आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते. त्यापुढच्या वर्षात आधी निरोगी असलेल्या काही बायकांचाही थायरॉइड बिघडतो. थकवा, उदासी, धडधड सगळी जागरणाच्या खात्यावर टाकू नये.

पुष्कळ घरांत तिसरा महिना लागेपर्यंत दवाखान्यात नाव घालत नाहीत. गोळी चालू असेल तर एवढं थांबू नका. टेस्ट पॉझिटिव्ह आली, की त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करून मात्रा विचारा आणि टीएसएच तपासून घ्या. पुढे निम्मे दिवस भरेपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी ही तपासणी चुकवू नका.