कोळेरोग, अळू आणि आयर्लंड

‘कोळेरोग’ हा शब्द कन्नडमधला. ‘कोळे’ म्हणजे कुजणं. पण जोयडा तालुक्यात घरी मराठी बोला नाहीतर कोकणी, पोफळीच्या बागेत सुपारी गळायला लागली की सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द येतो. मी साहित्याची विद्यार्थिनी, त्यामुळे रोगापेक्षा आधी शब्दाच्या मागे लागले. तेव्हा कळलं की हा शब्द थेट लॅटिनपर्यंत पोचलाय. १८७६ साली एम. सी. कूक या इंग्लिश बुरशीतज्ज्ञाने दक्षिण भारतातल्या कॉफीवर आढळलेल्या एका बुरशीला ‘पेलिक्युलारिया कोळेरोगा’ असं नाव दिलं. ती बुरशी वेगळी, सुपारीचा रोग वेगळा. पण शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द शास्त्रज्ञाने उचलला, हे मला आवडलं.

शब्दामागून रोगाकडे गेले आणि वाचत वाचत आयर्लंडला पोचले. तिथून पॅसिफिक महासागरातल्या सामोआला, आणि तिथून परत आमच्याकडच्या कुणबी घरांच्या परसात. या लेखात तीच वाट थोडी सोपी करून सांगते. कारण संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या म्हणण्यानुसार जगातल्या पिकांपैकी ४० टक्क्यांपर्यंत उत्पादन दरवर्षी रोग आणि किडींमुळे वाया जातं. आपण अन्नाबद्दल बोलताना पाऊस, खत, भाव यांबद्दल बोलतो. झाड आजारी पडतं याबद्दल फार कमी बोलतो.

आधी रोगकर्ता कोण ते पाहू. सुपारीचा कोळेरोग, मिरीच्या वेलाची अचानक होणारी मर, अळवाच्या पानावरचा करपा आणि बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा हे चार वेगवेगळे रोग आहेत. त्यांच्यामागे एकाच कुळातले चार भाऊ आहेत. कुळाचं नाव फायटोफ्थोरा. १८७६ सालीच आंटोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने ग्रीक शब्दांवरून ते दिलं. अर्थ सरळ आहे: वनस्पतींचा नाश करणारा. दिसायला हा जीव बुरशीसारखा, पण खरी बुरशी नव्हे. त्याचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी जवळचं. त्याच्या बीजाणूंना दोन बारीक शेपट्या असतात आणि पाण्याच्या पातळ थरातून ते पोहत जातात. म्हणजे ज्या पावसाची आपण वाट बघतो, त्याचीच हाही वाट बघत असतो. कॅसलरॉककडून दिवसचे दिवस पाऊस कोसळतो, ऊन दिसत नाही, वारा गार असतो, तेव्हा त्याची चंगळ असते. सुपारीवर आधी पाणी मुरल्यासारखे गडद हिरवे डाग पडतात, मग कोवळी फळं गळतात आणि झाडाखाली हिरवा सडा पडतो. एक-दोन दिवसांनी त्यावर पांढरी कापसासारखी साय येते.

आता आयर्लंड. १८४५ साली बटाट्यावरचा करपा तिथे पोचला. गरीब आयरिश कुटुंबं, बहुतेक कॅथलिक आणि दुसऱ्यांच्या जमिनी कसणारी, जवळजवळ फक्त बटाट्यावर जगत होती. त्यातही ‘लंपर’ नावाची एकच जात बहुतेक सगळीकडे. बटाटा कंदापासून लावतात, त्यामुळे देशभरातली लंपरची झाडं म्हणजे जणू एकाच झाडाच्या नकला. एकाला जो रोग मारतो तो सगळ्यांना मारतो. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं भूक आणि तापाने मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत ८२ लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली.

तेव्हा शास्त्र काय करत होतं? भांडत होतं. बटाटा आधी सडतो आणि सडल्यावर बुरशी येते, असं बहुतेक विद्वानांचं मत. माइल्स बर्कली नावाच्या एका इंग्लिश पाद्र्याने १८४६ साली उलट लिहिलं की बुरशी आधी येते, तीच सडवते. त्याचं फार कुणी ऐकलं नाही. डी बारीने प्रयोगाने ते सिद्ध केलं १८६१ साली. आणि औषध सापडलं त्याच्याही नंतर, तेही योगायोगाने. फ्रान्समधल्या बोर्दो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना घाबरवायला मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलींना केवडा रोग होत नाही, हे प्राध्यापक मियार्दे यांच्या लक्षात आलं. १८८५ साली त्यांनी ते जाहीर केलं. आजही आपल्याकडे त्याला बोर्डो मिश्रण म्हणतात.

यातला पुढचा धागा मला फार विलक्षण वाटला. भारतातल्या वनस्पतिरोगशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते एडविन जॉन बटलर हे जन्माने आयरिश. शिक्षणाने डॉक्टर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बिहारमधल्या पुसा इथल्या संस्थेत सरकारी बुरशीतज्ज्ञ होते आणि म्हैसूर संस्थानातल्या सुपारीच्या कोळेरोगाकडेही त्यांनी लक्ष दिलं. मग १९०८ साली म्हैसूरला आलेले कॅनेडियन शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी मलनाडच्या बागांत त्यावर काम केलं. त्यांचा कोळेरोगावरचा अहवाल १९१० चा. त्याआधी शेतकरी सुपारीच्या घोसांवर गवताची टोपडी बांधत. कन्नडमध्ये त्यांना ‘कोट्टे’ म्हणतात. पाणी घोसाला लागूच द्यायचं नाही, ही कल्पना अगदी बरोबर होती, पण कष्ट फार. कोलमननी बोर्डो मिश्रणाची फवारणी रुजवली. आपला उत्तर कन्नड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. पण रोगाला आणि औषधाला संस्थानाची हद्द कुठे असते!

आमच्याकडे आजही मे महिन्याच्या शेवटी ही गडबड सुरू होते. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या पाण्यात भिजवायचे आणि मग एकत्र करायचे. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं चालत नाही. मिश्रण जमलं का ते बघायला कोयत्याचं स्वच्छ पातं त्यात बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. मग पोफळीवर चढणारा माणूस एका झाडावरून दुसऱ्यावर झोके घेत घोस न् घोस भिजवतो. पहिली फवारणी पाऊस धरायच्या आत, दुसरी ४० ते ४५ दिवसांनी उघडीप बघून.

पाऊस धरायच्या आत का? कारण तांबं फळाच्या सालीवर बसून राहतं आणि बीजाणू तिथे उतरला की त्याला रुजूच देत नाही. तो एकदा आत शिरला की तांब्याचा काही उपयोग नाही. हे औषध म्हणजे दाराला लावलेली कडी. चोर घरात शिरल्यावर कडी लावून काय करणार? मला वाटतं, या सगळ्या शास्त्राचा गाभा इथे आहे. माणसाचा आजार झाल्यावर आपण डॉक्टरकडे जातो. पिकाच्या बाबतीत शास्त्र पावसाच्या आधी पोचलं तरच ते शास्त्र, नंतर पोचलं तर तो नुसता पंचनामा.

इथे कुणी म्हणेल, सुपारी काय पोट भरते का? नाही भरत. पण जो शेतकरी भाताची खाचरं कमी करून पोफळी लावतो, त्याचं घर सुपारीच्या पैशावर तांदूळ आणतं. कोळेरोगाने घोस गेले की दुकानाची उधारी वाढते. भूक अशी दोन पावलं लांबून येते. म्हणून अन्नसुरक्षेचा विचार फक्त खाण्याच्या पिकापुरता करून भागत नाही.

आता सामोआ. तिथे तारो म्हणजे आपलं अळूच, त्याचा कंद हे लोकांचं मुख्य अन्न आणि परदेशी पाठवायचं पीकही. लागवडीत एकाच जातीवर भर. १९९३ साली अळवाचा करपा तिथे शिरला आणि वर्षभरात तारोची निर्यात जवळजवळ बंद पडली. कुळ तेच, एकाच जातीवरचा भरवसा तोच. पण आयर्लंडसारखं झालं नाही. लोकांच्या आवारात नीरफणस होता, केळी होती, रानअळवासारखा मोठा कंद होता. पैसा बुडाला, पण पानात वाढायला काहीतरी राहिलं. मग पलाऊ आणि मायक्रोनेशियातल्या आणि पुढे आशियातल्या तारोशी संकर करून करपा सोसणाऱ्या नव्या जाती तयार झाल्या आणि निर्यात पुन्हा सुरू झाली. आपल्याकडेही केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने ‘मुक्ताकेशी’ नावाची, या करप्याला बऱ्यापैकी तोंड देणारी अळवाची जात दिली आहे.

लक्षात घ्या, अशा जाती प्रयोगशाळेत शून्यातून तयार होत नाहीत. कुठल्यातरी बेटावर, कुणाच्यातरी परसात टिकून राहिलेल्या जुन्या वाणातून तो गुण घ्यावा लागतो. जोयड्याचं महत्त्व मला इथे दिसतं. आमच्या तालुक्यातले कुणबी घराशेजारी मुडली लावतात, म्हणजे मोठ्या कंदाचं अळू. त्याबरोबर कोन, कणगां, सुरण, रताळी. दरवर्षी जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो, तिथे बायका टोपल्या मांडून बसतात तेव्हा एकेका कंदाचे इतके प्रकार दिसतात की नावं लक्षात राहत नाहीत. अळवाचा करपा कोनाला लागत नाही. कोनावर करपा येतो तो वेगळ्या बुरशीचा, आणि तो मुडलीला धरत नाही. म्हणजे एका पावसाळ्यात एक गेलं तरी परसात दुसरं उभं असतं. आमच्या शेजारच्या कुणबी आजीला मी विचारलं होतं, आजये, एवढे प्रकार कशाला लावता? ती म्हणाली, “एक कुसलां जाल्यार दुसरां आसा.” एक कुजलं तर दुसरं आहे. बर्कलीचं आणि डी बारीचं शास्त्र तिला ठाऊक नाही, पण आयर्लंडमध्ये नेमकं काय नव्हतं ते तिला ठाऊक आहे.

तरी सगळा दोष जंतूवर टाकू नये. आयर्लंडमध्ये बटाटा कुजत होता त्या वर्षांतही तिथलं धान्य इंग्लंडला जात होतं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाआधी, १९४२ मध्ये, भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग मोठ्या प्रमाणात पडला होता. एस. वाय. पद्मनाभन यांनी १९७३ साली त्याकडे लक्ष वेधलं. अमर्त्य सेन यांनी मात्र १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं की तांदूळ अगदीच नव्हता असं नाही, गरिबांना तो विकत घेणं परवडत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. रोग पीक घेऊन जातो. त्यानंतर उपाशी कोण राहणार, हे माणसं ठरवतात.

माझी काळजी साधी आहे. सुपारीला भाव चांगला असला की परसातली जागा पोफळीकडे जाते. त्यात शेतकऱ्याची चूक नाही, मुलांच्या फिया सुरणावर भरता येत नाहीत. पण कंद असा आहे की तो दरवर्षी लावावा लागतो. दोन-तीन वर्षं कुणी लावलाच नाही तर त्या घरचं बियाणं संपतं, आणि गावात दुसऱ्या कुणाकडे नसेल तर तो प्रकारच संपतो. त्याचं नावही त्याच्याबरोबर जातं.

नावांचं काम तर आपलंच आहे. तांबेरा, भुरी, केवडा, करपा, मर: रोग डोळ्यांना जसा दिसला तशी नावं मराठी शेतकऱ्याने ठेवली आहेत. कंदांचीही तशीच आहेत, काही मराठी, काही कोकणी, काही कन्नड. आपल्या मंडळातल्या ज्यांचं घर जोयडा, खानापूर, सत्तरी किंवा कोकणात आहे त्यांनी मेच्या सुट्टीत घरच्या मोठ्यांना विचारून एवढं लिहून आणावं: कंदाचं नाव, तो कसा दिसतो, कधी लावतात, पावसात त्याला काय होतं, आणि आज तो कुणाच्या परसात आहे. पुढच्या अंकात ती यादी छापू. आणि ज्या कंदापुढे कुणाचंच घर लिहिता येणार नाही, त्याचा एखादा तुकडा दुसऱ्या गावातून मिळतो का ते पाऊस लागायच्या आत बघू.