लेशधातूंचे मापन – लेखांक ४ : कोरी चाचणी

उपकरण किती सूक्ष्म अंश टिपू शकते याचा विचार मागील लेखांकात झाला. परंतु नमुना उपकरणापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्यात बाहेरचा धातू मिसळला असेल, तर उत्तम उपकरणही नमुन्यातला आणि बाहेरून आलेला धातू एकत्रच मोजते, आणि तोच द्रव दहा वेळा मोजला तरी दहाही आकडे आपसांत जुळत असल्याने चूक उघडी पडत नाही.

क्लेअर पॅटरसन यांना ही अडचण १९४८च्या सुमारास शिकागो विद्यापीठात आली. झिरकॉन या खनिजातील अत्यल्प शिसे मोजताना त्यांचे आकडे अपेक्षेपेक्षा फार मोठे येत, आणि हे जास्तीचे शिसे अम्लांतून, काचेच्या भांड्यांतून, हवेतल्या धुळीतून, इतकेच नव्हे तर हाताळणाऱ्याच्या त्वचेवरून येत होते. ते स्रोत एकेक करून शोधण्यात कित्येक वर्षे गेली. पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गाळलेल्या हवेची स्वच्छ प्रयोगशाळा उभी राहिली, आणि १९५६ साली शिशाच्याच मापनावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. तो आकडा मुळात स्वच्छतेचे फळ होता.

बाहेरचे शिसे किती हे ‘कोऱ्या चाचणी’वरून कळते : नमुना न घालता तीच अम्ले, तीच भांडी आणि तेवढाच वेळ वापरून सारी कृती पार पाडायची व जे शिसे आढळेल ते नमुन्याच्या आकड्यातून वजा करायचे. मात्र कोऱ्या चाचणीचे मूल्य कधी ६ तर कधी १४ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) येत असेल, तर नमुन्यातले २ नॅनोग्रॅम त्या चढउतारातच बुडून जातात. म्हणून वजाबाकीपेक्षा ते मूल्य लहान आणि स्थिर करणे महत्त्वाचे, आणि त्यासाठी अम्ले उकळू न देता मंद उष्णतेवर ऊर्ध्वपातित करतात व काचेऐवजी अम्लात मुरवून धुतलेली टेफ्लॉनची भांडी वापरतात. एका समस्थानिकाचे ज्ञात प्रमाण आरंभीच नमुन्यात मिसळण्याची ‘समस्थानिक विरलन’ पद्धत वाटेत सांडलेल्या धातूची भरपाई करते, पण बाहेरून आलेल्या धातूपासून ती वाचवू शकत नाही, हे अनेकदा विसरले जाते.

या निष्काळजीपणाची किंमत डोरोथी सेटल आणि पॅटरसन यांनी १९८० साली दाखवली. आल्बाकोर जातीच्या ताज्या कुपा माशाच्या मांसात त्यांना ग्रॅममागे ०.३ नॅनोग्रॅम शिसे आढळले, तर अन्यत्र झालेल्या मापनात तोच आकडा सुमारे ४०० होता. शिशाच्या डाखाने जोडलेल्या डब्यातील माशात ते १४०० पर्यंत होते. म्हणजे चुकीचा आकडा धरला तर डब्यामुळे शिसे साडेतीन पट वाढलेले दिसते, आणि प्रत्यक्षात ते चार हजार पटींहून अधिक वाढलेले होते.