जुनी मार्कशीट चालते का?

● गुणपत्रिकेला मुदत नसते. १९७५ पासून एसएससी दहावीला आली. त्याआधीची अकरावीची मॅट्रिकही शालान्त परीक्षाच होती.

● आयटीआय प्रवेशाला किमान वय १४. कमाल मर्यादा नाही. वेल्डर, वायरमन अशा ट्रेडना आठवी पास पुरते. इलेक्ट्रिशियनला मात्र गणित-विज्ञानासह दहावी हवी.

● सरकारी नोकरीत अडते ते बहुधा वय : राज्यात सर्वसाधारण मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३ वर्षे.

● दहावी राहिली असेल, तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते.

● गुणपत्रिका हरवली, तर विभागीय मंडळाकडून दुय्यम प्रत मिळते. अर्जासाठी बैठक क्रमांक, परीक्षेचा महिना आणि वर्ष शोधून ठेवा. आठवत नसल्यास शाळेत विचारा.