ठेका सोडून गिटारकडे

१९९५मध्ये मोबी या अमेरिकी संगीतकाराचं नाव जोरात होतं. ‘स्पिन’ मासिकानं त्याच्या ‘एव्हरीथिंग इज राँग’ला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं होतं. १९९१च्या ‘गो’मध्ये त्यानं ‘ट्विन पीक्स’ या टीव्ही मालिकेतली सुरावट नाचाच्या तालावर बसवली होती आणि ते गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत पोचलं होतं. क्लबमध्ये रात्र जागवणाऱ्यांचा तो लाडका होता.

मग १९९६मध्ये ‘अ‍ॅनिमल राइट्स’ हा अल्बम आला आणि त्याच्या चाहत्यांना धक्काच बसला. कर्कश गिटार, धावते ड्रम, घसा फोडून गाणारा मोबी! बोस्टनच्या ‘मिशन ऑफ बर्मा’ या बँडचं एक जुनं गाणंही त्यानं यात नव्यानं गायलं.

खरं तर तो आपल्या मूळ घरी परतत होता. रिचर्ड मेलव्हिल हॉल हे त्याचं खरं नाव. कनेक्टिकटमध्ये वाढलेला हा मुलगा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘व्हॅटिकन कमांडोज’ या पंक बँडमध्ये गिटार वाजवायचा. १९८७पासून तो व्हीगन आहे, म्हणजे प्राणिजन्य काहीच खात नाही. अल्बमच्या नावात प्राण्यांचे हक्क आले ते त्यामुळेच.

पंक आणि इलेक्ट्रॉनिक संगीत वरवर एकमेकांपासून फार लांबची वाटतात, पण दोघांची वृत्ती एकच. तीन कॉर्ड येत असल्या की बँड काढावा, असं पंक सांगतं. स्वस्तातलं ड्रम मशीन हाती आलं की झोपण्याच्या खोलीतच गाणं करावं, असं इलेक्ट्रॉनिक संगीतातलं टेक्नो सांगतं. महागडा स्टुडिओ, संगीताचं रीतसर शिक्षण, कुणा बड्याची परवानगी, यातलं काहीच दोघांनाही लागत नाही.

मग श्रोते का दुरावले? ‘द प्रॉडिजी’ या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक बँडच्या यशात याचं उत्तर सापडतं. त्याच १९९६मध्ये त्यांचं ‘फायरस्टार्टर’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. संताप, आरडाओरडा, पंकचा आवेश, सगळं त्यात होतं. पण खाली नाचाचा ठेका जसाच्या तसा होता. मोबीनं तो ठेकाच काढून घेतला. क्लबवाल्यांना नाचायला काही उरलं नाही, आणि रॉकवाल्यांच्या लेखी तो डीजेच राहिला.

अल्बम आपटला. संगीत सोडून वास्तुरचना शिकावी, असं तेव्हा मनात आल्याचं मोबीनं पुढे सांगितलं आहे. १९९९मध्ये मात्र ‘प्ले’ आला. अ‍ॅलन लोमॅक्स या लोकसंगीत संकलकाच्या संग्रहातले कृष्णवर्णीय लोकगायकांचे जुने आवाज त्यानं त्यात गुंफले होते. सुरुवातीला थंड असलेल्या या अल्बमच्या पुढे एक कोटीहून अधिक प्रती खपल्या.

एवढ्या यशानंतरही पंक सुटलं नाही. २०१६मध्ये ‘द व्हॉइड पॅसिफिक क्वायर’ या बँडसोबत केलेल्या अल्बममध्ये त्यानं वेगवान गिटार आणि सिंथेसायझर एकत्र आणले. २०२३मध्ये तर पंक संगीत आणि प्राणिहक्कांची चळवळ यांच्या नात्यावर त्यानं ‘पंक रॉक व्हीगन मूव्ही’ हा माहितीपटच दिग्दर्शित केला.