थंडींत खरा होणारा आरसा

सन १८०० मध्यें विल्यम हर्शेल यानें लोलकांतून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांत उष्णतामापक ठेवून पाहिले. तांबड्याच्या पलीकडे, जेथें डोळ्यास कांहींच दिसत नव्हतें, तेथेंच उष्णता सर्वांत अधिक भरली. हेच अवरक्त किरण. ते धुळीच्या मेघांतून पार होतात, म्हणून ज्योतिर्विदांस त्यांचें मोल फार. अडचण अशी कीं, कोणतीही उबदार वस्तु हे किरण स्वतःच फेंकीत असते. आपला हात, घराची भिंत, आणि दुर्बिणीचा आरसाही! अशा आरशानें दूरच्या आकाशगंगा शोधणें म्हणजे हातांत मशाल घेऊन काजवे धुंडाळणें होय.

म्हणून २५ डिसेंबर २०२१ रोजीं सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा, पृथ्वीपासून सुमारें १५ लक्ष किलोमीटरांवर, पांचपदरी पडद्याच्या सावलींत, शून्याखालीं सुमारें २३० अंश इतका थंड ठेविला आहे. तो ६.५ मीटर रुंद असून बेरिलियम धातूच्या १८ षट्कोनी तुकड्यांचा आहे. वर मुलामा सोन्याचा, कारण सोनें अवरक्त किरण जवळजवळ सगळेच परतवितें. तें लागलें अवघें ४८ ग्रॅम, म्हणजे चार तोळ्यांहून किंचित् अधिक. एवढें तर आपल्याकडे पाटल्यांच्या एका जोडासही लागतें!

खरी गंमत पुढेंच आहे. आरसा घांसावयाचा तो उबदार खोलींत, वापरावयाचा तो त्या भयंकर थंडींत. थंड होतांना धातु आकसतो, आणि सगळीकडे अगदीं सारखा आकसतो असें नाहीं. येथें निर्दोष ठरलेला आरसा तेथें वांकडा ठरावयाचा. मग कारागिरांनीं काय केलें? कॅलिफोर्नियांत घांसलेले तुकडे अलाबामांतील हंट्सव्हिल येथें शीतकोठींत गोठविले, प्रत्येकाचा आकार कोठें किती बिघडतो तें मोजलें, आणि परत आणून नेमके त्याच्या उलट घांसले. म्हणजे उबेंत प्रत्येक तुकडा मुद्दाम चुकीचा ठेविला, कीं ती चूक थंडींत फिटावी! मोजमापाचें एकक मिलिमीटरचा दशलक्षांश.

ही धास्ती उगीच नव्हती. हबल दुर्बिणीचा आरसा कडेस मिलिमीटरच्या सुमारें दोन सहस्रांशानें अधिक सपाट घांसला गेल्याचें १९९० मध्यें ती वर गेल्यावर कळलें. १९९३ मध्यें अंतराळवीरांनीं जाऊन तिच्यांत दुरुस्तीचीं उपकरणें बसविलीं. वेबपाशीं कोणी जाणार नव्हतें. प्रत्येक तुकड्यामागें त्याची जागा व वक्रता जुळविणारीं यंत्रें आहेत खरीं, परंतु घांसण्यांतील बारीक चूक त्यांना बुजवितां येत नाहीं.

फेब्रुवारी २०२२ मध्यें एकाच ताऱ्याचीं १८ अंधुक प्रतिबिंबें दिसलीं. हळूहळू तुकडे जुळवून तीं एकांत मिळविलीं. मार्चमध्यें प्रसिद्ध झालेल्या चित्रांत एक तारा रेखीव उमटला, आणि त्याच्या मागें, कोणी शोधावयास न सांगितलेल्या, कित्येक आकाशगंगा.