सी-पोर्ट आहे, पण चित्र येईल का?

कर्जत तालुक्यातल्या पोशीरला घरून काम करणाऱ्याने लॅपटॉप मॉनिटरला जोडायला चुकीचा अ‍ॅडाप्टर आणला, की बदलायला पुन्हा नेरळ-कर्जतची फेरी. म्हणून आधी लॅपटॉपची कड निरखावी.

यूएसबी-सी दिसलं म्हणजे चित्र बाहेर जाईलच असं नाही! काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटापुरते असतात. शेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टच्या विजेचं चिन्ह असलं तर निर्धास्त. नसेल तर त्या मॉडेलची माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर बघावी.

मॉनिटर फोर-के असेल तर अ‍ॅडाप्टरवर ‘फोर-के ६० हर्ट्झ’ लिहिलेलं हवं. एचडीएमआय १.४ चे स्वस्त अ‍ॅडाप्टर ३० वरच थांबतात आणि माउसचा बाण अडखळत सरकतो.

जुना व्हीजीए मॉनिटरही चालतो. फक्त १९८७ ची ही जोडणी आवाज नेत नाही.

डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयला जाणारा अ‍ॅडाप्टर सहसा एकाच दिशेने चालतो, हेही दुकानात सांगत नाहीत.

शंका असेल त्यांनी लॅपटॉप आणि मॉनिटरचं मॉडेल खाली लिहावं.