फुकट फोन चांगलाच, पण चार नंबर कागदावर असू द्या



बोटी किनाऱ्यावर आणि बिऱ्हाड फतेगंजात, असं आपल्यातल्या बऱ्याच घरांचं आहे. त्यात आता कुणाचा मुलगा दुबईला, कुणाचा भाऊ इराणच्या बोटीवर खलाशी, कुणाची मुलगी कॅनडात शिकायला. ऑफिसात आलेला माणूस काम झालं की हळूच विचारतो, "सेक्रेटरी साहेब, परदेशात फुकट फोन लागतो ना? मग आमचाच का लागत नाही?" म्हणून सगळं एकदाच लिहितोय.

एकेकाळी आयएसडी बूथमध्ये मीटरचे आकडे बघत बोलावं लागायचं. "बरा आहेस ना? ठेवते," एवढ्यात पैसे संपायचे. आपल्या सरकारने १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून फोन करायला परवानगी दिली. पुढे २०१५ साली व्हॉट्सअॅपवर बोलण्याची सोय आली, नोव्हेंबर २०१६ मध्ये व्हिडिओ कॉल आला, आणि आजीलाही नातू दिसायला लागला.

हा फोन फुकट कसा, ते समजून घ्या. आपला आवाज बारीक तुकड्यांत इंटरनेटवरून जातो. साध्या फोनसारखं मिनिटाचं बिल नाही, पण नेट खर्च होतं. नुसतं बोलायला थोडं, व्हिडिओला कितीतरी पट जास्त. दोन्हीकडे नेट हवं आणि दोन्हीकडे तेच अॅप हवं. घरी बटणाचा साधा फोन असेल तर मुलगा तिकडून हे करू शकत नाही. नंबर सेव्ह करताना पुढे देशाचा कोड घाला. भारत +९१, दुबई +९७१, इराण +९८, कॅनडा +१. कितीतरी जणांचा फोन इथेच अडतो.

आता "लागत नाही" याचं दुसरं कारण. दुबईत व्हॉट्सअॅपवर मेसेज जातो, पण कॉल लागत नाही. तिथे सरकारने परवानगी दिलेली अॅप वापरावी लागतात, बोटिम त्यातलंच एक. कुणी म्हणेल व्हीपीएन टाक, चालू होतं. पोराला सांगा, असलं करू नकोस. तिथे व्हीपीएनचा गैरवापर गुन्हा आहे आणि दंड लाखो दिरहमचा आहे. इराणने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हॉट्सअॅप बंद केलं, ते डिसेंबर २०२४ मध्ये सुरू केलं. तेव्हा आज लागणारा फोन उद्या लागेलच असं नाही. आणि बोट खोल समुद्रात गेली की मोबाईलची रेंजच जाते. मग दोन-चार दिवस फोन नाही आला तरी लगेच घाबरू नका. जाण्याआधीच ठरवून ठेवा, बोट बंदरात कधी येणार आणि फोन कुठल्या दिवशी.

या फोनची खरी किंमत २०२० मध्ये कळली. कोरोनाने विमानं थांबली आणि इराणात आपले मच्छीमार अडकले. त्यात वलसाड जिल्ह्यातल्या उंबरगाव पट्ट्यातलीही माणसं होती. त्यांनी मोबाईलवरून व्हिडिओ पाठवले, म्हणून हाल जगाला दिसले. शेवटी नौदलाचं आयएनएस शार्दुल २३३ भारतीयांना बंदर अब्बासहून घेऊन ११ जून २०२० ला पोरबंदरला पोचलं.

पण घरच्यांना अशा वेळी बोटीचं नाव, मालकाचं नाव, पासपोर्ट नंबर माहीत नसेल तर अर्ज करायचा कसा? म्हणून हा कागद आजच तयार करा, देवघरापाशी लावा:

१. पासपोर्टची आणि करारपत्राची झेरॉक्स.
२. बोटीचं नाव, मालकाचं नाव, नंबर आणि बंदर.
३. बरोबरच्या दोन खलाशांचे नंबर.
४. त्या देशातल्या भारतीय वकिलातीचा नंबर. दुबईत भारतीयांच्या मदतकेंद्राचा नंबर ८०० ४६३४२. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवरही तक्रार करता येते.

इकडे आपल्या समुद्रात संकट आलं तर कोस्ट गार्डचा १५५४ आणि बोटीवरचा व्हीएचएफ चॅनल १६. व्हॉट्सअॅपवरून असे तातडीचे नंबर लागत नाहीत, हे तांडेलला नक्की सांगा.

शेवटची गोष्ट फसवणुकीची. अनोळखी परदेशी नंबरवरून फोन येतो, "तुमचा मुलगा पकडला गेलाय, पैसे पाठवा." आधी फोन कट करा, मग मुलाच्या ठरलेल्या नंबरवर किंवा त्याच्या सोबत्याला फोन करा. व्हॉट्सअॅपचा सहा आकडी कोड कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन करा, उशीर केला तर हाती काही लागत नाही.

ज्यांना अॅप टाकता येत नाही त्यांनी फोन घेऊन ऑफिसात यावं. नंबर नीट भरून देतो आणि कागदही इथेच लिहून घेऊ. घरातल्या बायकांनी तर नक्की यावं. माणूस बोटीवर असताना घर आणि फोन दोन्ही त्यांच्याच हातात असतात.

आपला,
सेक्रेटरी